बी.एड.चं कर्ज आणि गच्चीवरची टाकी

"मुलाला भावंडं किती?" असं जगतापांनी मला विचारलं, तेव्हा माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता आणि मांडीवर लोनची फाइल होती.

मी चिरागकडे पाहिलं. चिराग माझा ज्युनियर ऑफिसर. त्यानंच उत्तर दिलं, "एक मोठी बेन आहे, आणंदला दिलीये." जगतापांनी समाधानानं मान हलवली आणि चिरागच्या बशीत आणखी चिवडा घातला. मला वाटलं, माणूस गप्पिष्ट आहे. कर्ज देणाऱ्याची चौकशी कर्ज घेणाऱ्यानं केली तर बिघडलं कुठे?

तेव्हा मी बडोद्याच्या सयाजीगंजातल्या एका बँकेच्या शाखेत लोन ऑफिसर होते. रिटायर व्हायला थोडेच महिने उरले होते. फतेगंजात जगतापांच्या घरी आम्ही गेलो होतो ते प्री-सँक्शन व्हिजिटला. कर्ज मंजूर करण्याआधी बँकेचा माणूस घरी जाऊन बघतो, पत्ता खरा आहे का, माणसं खरी आहेत का, मिळकत सांगितली तशीच आहे का. जावं, चार प्रश्न विचारावेत, पाणी प्यावं आणि परत यावं, इतकं साधं काम.

अर्ज होता त्यांच्या मुलीचा, मृणालचा. एम.एस्सी. झालेली, विषय गणित, बी.एड.ला नंबर लागलेला. कॉलेज सेल्फ-फायनान्सवालं, म्हणजे फी सगळी विद्यार्थ्याच्या खिशातून. येत्या शुक्रवारपर्यंत ती भरली नाही, तर सीट वेटिंग लिस्टवाल्याला जाणार होती. अर्ज नीट भरलेला, मार्क उत्तम. एकच जागा कोरी होती, को-बॉरोअरच्या सहीची. शिक्षणाच्या कर्जात विद्यार्थ्याबरोबर आईनं किंवा वडिलांनीही कर्जदार व्हावं लागतं. मृणालच्या आईला स्वतःची मिळकत नव्हती. वडील जवळच्या सावली गावातल्या एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझर. तेव्हा सही त्यांचीच हवी होती.

"बाबा घरीच करतील सही," असं मृणालनं काउंटरवर सांगितलं होतं, पण माझ्याकडे न बघता, स्टेपलरकडे बघत. मी काय समजायचं ते समजले.

आमचे मॅनेजर देसाईसाहेब तर बी.एड.च्या नावानंच कंटाळत. त्यांच्या मते एवढ्याशा कर्जाला एवढे कागद, आणि पुढे नोकरी लागेल याची खात्री कुणी द्यायची? शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही मराठी, ते मराठी. जोई आवो, बघून या. सही मिळाली तर ठीक, नाही तर फाइल रिटर्न."

मी जगतापांच्या घरी फोन केला. तो जगतापबाईंनी उचलला. शनिवारी सकाळी या म्हणाल्या, हे घरी असतात. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट विचारली. तुमच्याबरोबर कुणी येणार आहे का, तरुण पुरुषमाणूस असला तर बरं. मला वाटलं, घराला जिना असेल, कागद शोधायला माळ्यावर चढावं लागत असेल. मी चिरागला बरोबर घेतलं. बँकेला सुट्टीचा शनिवार होता, म्हणून त्यानं ठेवणीतला निळा शर्ट घातला होता. संध्याकाळी सासुरवाडीला जेवण होतं बिचाऱ्याचं.

दारातच मी पर्समध्ये आयकार्ड शोधायला लागले, तर जगतापबाईंनी माझा हात धरून मला आत नेलं. "राहू द्या हो ते, आधी बसा." आत जगताप इस्त्रीच्या शर्टात उभे. चिरागनं हात पुढे केला, "चिराग," आणि आडनाव सांगणार एवढ्यात बाईंनी पाण्याचा ट्रे मध्ये घातला. तो गुजराती आहे हे कळायला एरवी वेळ लागत नाही. पण बडोद्यातली आमची मराठी मुलंही घराबाहेर पडली की तसंच बोलतात. त्यामुळे जगतापांना काहीच खटकलं नाही.

मी माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले. घर स्वतःचं का? स्वतःचं, वडिलोपार्जित. ते उठून टॅक्सची पावतीच घेऊन आले. घरात किती माणसं? नोकरी किती वर्षं उरली? दुसरं कुठलं कर्ज? "एका पैशाचं नाही," ते म्हणाले आणि जरा ताठ बसले. इतक्या चटकन आणि इतक्या आनंदानं उत्तरं देणारा को-बॉरोअर मी नोकरीत पाहिला नव्हता. लोक पगार सांगताना बँकेशीही घासाघीस करतात. हे मात्र ओव्हरटाइमसकट सांगत होते.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. माझं घर कुठे, मिस्टर का नाही आले, मुलाची बदली होते का. मी खरं तेच सांगत गेले. फ्लॅट आहे, मिस्टरांना शनिवारी झोप प्यारी, बदली तर बँकेत सगळ्यांचीच होते. चिरागचा फोन टीपॉयवर होता. तो वाजला आणि स्क्रीनवर त्याच्या बायकोचा फोटो आला, कडेवर बाळ घेतलेला. जगताप वाकून बघणार, तेवढ्यात बाईंनी त्या फोनवर पोह्यांची डिश ठेवली. फोन डिशखाली थरथरत राहिला. मला वाटलं, बाई वेंधळ्या आहेत.

मृणाल आली ती साडी नेसून, हातात मार्कशीटची फाइल घेऊन. साडी कशाला, हे तिलाही कळलेलं दिसत नव्हतं. बसल्यावर तिनं मला सिलॅबस सांगितला, फी सांगितली. वडिलांकडे मात्र ती एकदाही बघेना.

तेवढ्यात जगताप घसा साफ करून म्हणाले, "ताई, तुमची हरकत नसेल तर मुलांना जरा गच्चीवर जाऊ द्या. त्यांचं त्यांना बोलू दे."

माझ्या हातातला चमचा तिथेच थांबला.

चिराग मात्र ताबडतोब उठला. नवा ऑफिसर, प्रॉपर्टी पूर्ण बघायची हे ट्रेनिंगमध्ये शिकलेला. "हो हो, टेरेस पण जोवी पडे," म्हणत त्यानं खिशातला मेजर टेप चाचपला आणि मृणालच्या मागोमाग जिना चढून गेला. ते पाहून जगताप खूश झाले. मुलगा लाजरा नाही, असं म्हणाले.

भावांच्या, नणंदांच्या, मैत्रिणींच्या मुलींच्या, किती पाहण्यांना मी करवली बनून बसले होते. आणि आज स्वतःच वरमाय होऊन पोहे खातेय हे कळायला मला अर्धी डिश लागली. नाही तरी आमचे व्हिजिटचे प्रश्न आणि पाहायला आलेल्या लोकांचे प्रश्न यांत फरक तो काय? घर स्वतःचं का, मिळकत किती, डोक्यावर कर्ज आहे का.

आता खरं सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात जगतापबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. हळू, पण स्पष्ट नाही म्हणणारी. डिश फोनवर का ठेवली ते मला तेव्हा समजलं. तरुण पुरुषमाणूस कशाला हवा होता तेही समजलं.

कर्जासाठी बँकेशी खोटं बोलणारे मी ढीगभर पाहिले होते. चुकून खरं बोलणारा हा पहिलाच. मला राहवेना. मी आणखी एकच प्रश्न विचारला.

"मुलगी पुढे काय करणार म्हणते?"

"शिकवणार," जगताप म्हणाले. "हे आधीच सांगतो ताई, नंतर कुरबुर नको. नोकरी सोड म्हणायचं नाही तिला." मग ते पुढे सरकून बसले. खालच्या खोलीत गल्लीतली मुलं तिच्याकडे गणिताला येतात. त्यातला एक गणितात दोनदा नापास झालेला, त्याच्या बापानंही नाद सोडलेला. तो आता इंजिनिअरिंगला आहे. "मी ड्युटीवरून आलो की दाराबाहेर बूट काढत बसतो. मुद्दाम वेळ काढून. ती शिकवते ते ऐकतो. मला शाळेत भूमिती कधी कळली नव्हती ताई. आता कळते." मग ते हळूच म्हणाले, "तिला नका सांगू हे."

मी वर पाहिलं. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर मला साडीची किनार दिसत होती. ती तिथे किती वेळ उभी होती देव जाणे.

"मग बी.एड.?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, तिथेच तर अडलंय. साठवलेलं सगळं मागच्या वर्षी माझ्या आईच्या आजारपणात गेलं. मुलगी म्हणते बँकेचं कर्ज काढू, आणि मी हो म्हणत नाही. पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते तेव्हापासून घरात कुणी कर्ज काढलेलं नाही. पण ते एक वेळ सोडा. "खरी भीती वेगळीच आहे. डोक्यावर कर्ज असलेली मुलगी कोण करून घेणार? खरं सांगा ताई, तुम्हाला चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. "तेच द्यायला आलेय." आणि आयकार्ड त्यांच्यासमोर ठेवलं.

जगतापांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मग बायकोकडे पाहिलं. ती एक कोरडी डिश अगदी मन लावून पुसत होती.

"म्हणजे तो मुलगा..."

"त्याला मुलगी आहे. आठ महिन्यांची."

"मग वर काय करतोय तो?"

"टाकी बघतोय."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. कानशिलं लाल झाली. अशा फसवणुकीवर मी सही करणार नाही, म्हणाले. मीही म्हटलं, करूच नका. मनात नसताना को-बॉरोअर झालेला माणूस बँकेलाही नको असतो. मी फाइल पर्समध्ये टाकली, उठले आणि म्हटलं, "मला फक्त रिपोर्ट लिहावा लागेल. मघाशी तुम्ही मुलीबद्दल जे सांगितलंत, ते पाहुण्यांसमोर सांगायचं म्हणून सांगितलं, असं लिहू का?"

"का म्हणून?" त्यांचा आवाज चढला. "त्यातलं एक अक्षर खोटं नाही."

"मग जे पाहुण्यांना सांगितलंत, ते बँकेला सांगायला काय हरकत आहे?"

त्यांनी हातातलं आयकार्ड टीपॉयवर ठेवलं. मग म्हणाले, "हप्ता कधी सुरू होतो?"

मी परत बसले. मोरॅटोरियम समजावून सांगितला. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. व्याज मात्र चढत राहतं, तेही सांगितलं. मध्येच लग्न झालं तर, असं त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, कर्ज तिच्याबरोबर जाईल, आणि पगारही.

त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. कारखान्यात धोक्याच्या कामाचं परमिट वाचत असतील तशी, ओळीवर बोट ठेवून. दोन अटींवर भांडले. मग स्वतःच्या खिशातलं पेन काढून सही केली. मृणाल तोवर खाली येऊन उभी होती. डोळे लाल, पदर खांद्यावरून घसरलेला. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "टाकी नीट दाखवलीस ना त्यांना?"

फाटकापर्यंत बाई पोचवायला आल्या. मी जरा रागानंच विचारलं, हा काय प्रकार होता? "मागे एक स्थळ आलं होतं," त्या म्हणाल्या. "जमलं नाही. पण त्या लोकांसमोर हे मृणालबद्दल जे बोलले, तसं त्यांच्या तोंडून मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. तिनं तर कधीच नाही. घरात बोलत नाहीत हो हे. परकं कुणी आलं तरच बोलतात. म्हटलं, बँक पण परकीच की."

कर्ज मंजूर झालं, शुक्रवारच्या आत फी भरली. चिरागनं रिपोर्टमध्ये गच्चीची लांबी-रुंदी आणि 'पाण्याची टाकी सुस्थितीत' असं लिहिलं होतं. देसाईसाहेबांनी मला बोलावून विचारलं, बी.एड.च्या लोनला टाकी कशाला? मी म्हटलं, सर, सही तिच्यामुळेच मिळाली.

मृणाल आता शाळेत शिकवते आणि हप्ता वेळेवर भरते. जगताप अधूनमधून भेटतात. त्यांनी मुलीच्या बायोडेटात शिक्षणाच्या खाली एक ओळ घातली आहे, 'बी.एड. बँकेच्या कर्जातून, परतफेड स्वतः करते.' ज्यांना ती ओळ खटकते त्यांना ते चहासुद्धा विचारत नाहीत.

बँकेत नवे ऑफिसर येतात. कधीतरी त्यांच्यापुढे बोलायला मला बोलावतात. व्हिजिटला गेल्यावर दारातच आयकार्ड दाखवायचं, हा नियम मी त्यांना निक्षून सांगते. आणि हेही सांगते, की घरातली बाई हात धरून आत नेत असेल, तर जरा उशिरा दाखवा.