पाळण्यापाशी गाऱ्हाणं

मुलगी तीन महिन्यांची झाली आणि तिनं रडणं सोडलं. सासूबाईंनी वाडीभर सांगितलं, "चेडू गुणी आसा हां, रडणा म्हणून नाय." मला मात्र धडकी भरली होती. कारण ती हसतही नव्हती. पाळण्यावर वाकले की तिची नजर माझ्यावरून सरकून वाशांकडे जायची.

माहेरी ती अशी नव्हती. तिथं मी दिवसभर तिच्याशी बडबडायचे. धामापूरला सासरी आणलं त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं, "तिच्या तोंडाकडे बघीत रव नको. लाडान बोलू नको. आवशीची दिष्ट सगळ्यात वायट." आवशीची, म्हणजे आईची, माझीच. दूध पाजायचं तेही तिचं तोंड पदराखाली झाकून. वारा लागेल म्हणून खिडकी बंद. नवरा गोव्यात कामाला. घरी आला तरी आईपुढे त्याची मांजर व्हायची. मी, पोर आणि ओव्याची धुरी, एवढाच संसार. जीव गुदमरायचा. दाराबाहेर सासूबाई काजू फोडत बसायच्या, आणि मी दोन शब्द बोलले की खाकरायच्या.

त्यांचा राग यायचा, भयंकर यायचा. पण त्यांचं पहिलं मूल पाळण्यातच गेलं होतं. "मीच बघीत रवलंय, माझीच दिष्ट लागली," हे त्या अजून उराशी धरून होत्या. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

लस द्यायला नेलं तेव्हा पोरीचं वजन केलं. "छान वाढतेय," डॉक्टर म्हणाले. वाढत होतीच. पण ती आईकडे बघते का, हे कुणी विचारलं नाही, आणि सासूबाई शेजारी असल्यामुळे मीही गप्प बसले. एवढ्याशा जिवालाही मन असतं आणि तेही उपाशी राहतं, हे मला तिथं ओरडून सांगायचं होतं.

मग एका सकाळी सासऱ्यांनी देवापुढे नारळ ठेवून नातीसाठी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

मांडीवरची पोर दचकली आणि मान वळवून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. पुन्हा वाशांकडे वळली, पण बघितलं होतं तिनं.

आमच्याकडे गाऱ्हाण्याच्या मध्ये कुणी तोंड घालत नाही. दुसऱ्या दिवशी मी पाळण्यापाशी हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, हिचे डोळे बघ कसे काळेभोर आसत! हिचा नाक बापासारखा बसका, ता जरा सरळ कर रे म्हाराजा!"

बाहेर काजू फोडायचा आवाज थांबला. खाकरणं काही आलं नाही.

मग मी रोजच गाऱ्हाणं घालू लागले. जेवणाचं, नवऱ्याचं, बंद खिडकीचं, सगळं देवाच्या नावावर पोरीला सांगायचे. हळूहळू तिची नजर माझ्या तोंडावर ठरू लागली.

एकदा म्हणाले, "हिका आवशीवांगडा बोलाक शिकव रे म्हाराजा!" आणि सवयीनं थांबले. 'होय म्हाराजा' म्हणायला खोलीत होतं कोण?

"हूं," पोर म्हणाली. थेट माझ्याकडे बघून. आणि तोंडभर हसली.

मला रडू फुटलं. मागं वळले तर सासूबाई दारात उभ्या होत्या, हाताला काजूचा चीक तसाच. आता बोलणी खायची, या तयारीनं मी पाळण्याला घट्ट धरलं.

त्या जवळ आल्या.

"परत घाल गो गाऱ्हाणा," त्या म्हणाल्या. "माका तिचा तोंड बघूचा आसा."