दोन जागा

राळेगावहून यवतमाळला जाणाऱ्या माझ्या रोजच्या बसमध्ये तो मला महिन्या-दीड महिन्यानं भेटतो, कोर्टाच्या तारखेला. बस थांबायच्या आत खिडकीतून दुपट्टा टाकतो, दोन जागा धरतो आणि ऐसपैस बसतो. दर वाक्याआधी "आता पाहा" म्हणतो, मग थांबत नाही.

बोंडअळीनं कपाशी पोखरली, त्यात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेतशेजाऱ्याशी वाजलं. शेजाऱ्यानं याचा फवारणीचा पंप फोडला, यानं शेजाऱ्याचं डोकं. दोघांवर केस, दोघंही जामिनावर. त्याचा दुपट्टा उचलायला मीसुद्धा धजत नाही.

मागच्या तारखेला बस खच्चून भरली होती. केसमधला तो शेजारीही दांड्याला धरून उभा होता, कपाळावर टाक्यांचा वण. यानं बराच वेळ बाहेर पाहिलं, मग दुपट्टा उचलला.

"आता पाहा, बस ना बे. तिकडं पिंजऱ्यात उभंच राहाचं हाय."

शेजारी बसला.

आज हा उशिरा, धापा टाकत चढला. शेजारी खिडकीशी बसला होता आणि बाजूच्या जागेवर त्यानं स्वतःचा दुपट्टा पसरला होता.

"काहून उशीर केला बे?" शेजाऱ्यानं दुपट्टा उचलत विचारलं.

"आता पाहा," हा म्हणाला, आणि पुढे काहीच न बोलता बसला.