बाबांचा लाल अंगठा

माझ्या बाबांनी मला आयुष्यात एकदाही ‘छान’ म्हटलेलं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. बरं, तक्रार म्हणूनच सांगतेय, उगाच मोठेपणा कशाला!

बाबा भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. पोलिसातले नव्हेत, मालाचे. मशीनवरून सुटा भाग आला की मोजायचा, उजेडात धरून बघायचा आणि चिठ्ठी बांधायची. हिरवी चिठ्ठी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्त करून परत आणा, लाल म्हणजे नापास. हिरव्या चिठ्ठीवर काही लिहायचं नसे. लिहायचं ते फक्त दोषांबद्दल. एकवीस वर्षं माणसाने हेच केलं तर घरी येऊन तो काय वेगळं करणार? माझी दहावीची मार्कशीट त्यांनी खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि म्हणाले, “शिक्का तिरका बसलाय.” मला सांगून आलेल्या एका स्थळाला त्यांनी नकार दिला, कारण मुलगा कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवत होता. त्याबद्दल मी त्यांची आजन्म आभारी आहे, पण ते वेगळं. माझ्या चहाला तर ते रोज शेरा देत. आज पावडर जास्त, आज उकळी कमी, आज गाळणं बदला. चहा बिनबोभाट प्यायलेत असा दिवस मला आठवत नाही.

मी पहिलीत असताना त्यांच्या कारखान्यात व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आली. त्या काळी पुण्यात निम्म्या घरांतून तो शब्द ऐकू यायचा. बाबा वर्षभर घरी होते. आई शाळेत शिकवायला जाई, मी दुपारी घरी येई. मामाच्या मुलांनी टाकून दिलेला एक व्हिडिओ गेम आमच्याकडे आला होता, पिवळ्या कॅसेटचा. त्यात एक ठोकळ्यांचा माणूस भुयारांतून उड्या मारत हिंडायचा. मी भराभर पळवून त्याला मारायची. बाबा मात्र प्रत्येक भिंतीवर त्याचं डोकं आपटून बघायचे. “ही पोकळ आहे बघ,” म्हणायचे, आणि खरंच आत खोली निघायची. मग आलेखाच्या कागदावर पेन्सिलने ती खोली मापात काढायची. चार वह्या भरल्या आम्ही. पुढे त्यांना धायरीच्या वर्कशॉपांतून तपासणीची कामं मिळू लागली आणि गेम माळ्यावर गेला.

मोठी होऊन मी हिंजवडीला लागले. दहा वर्षं दुसऱ्यांच्या बँकांची सॉफ्टवेअर दुरुस्त केल्यावर डोक्यात खूळ शिरलं की तसा एक गेम आपणच करावा. तोच जुन्या धाटणीचा. ठोकळ्यांची चित्रं, पिपाणीसारखं संगीत, नकाशा हळूहळू उलगडत जायचा, आणि कुठे जायचं ते कोणी सांगायचं नाही. सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकली, भाड्याची खोली सोडली आणि धायरीला आईबाबांच्या घरी येऊन बसले.

गेममध्ये एक बंद पडलेला कारखाना आहे. खाकी कपड्यांतला एक लहानसा माणूस त्यात हिंडतो. त्याच्या खिशात व्हर्नियर असतो, म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी. दारांची मापं घेतली की दारं उघडतात. शेवटी तो डबा उचलून फाटकाबाहेर पडतो, बाहेर कोणी नसतं, आणि पडदा काळा होतो. तो माणूस कोण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांना तर कळू नये म्हणून मी त्याला मिशी काढली होती. बाबांना मिशी नाही. एवढी माझी हुशारी.

गेम इंटरनेटवरच्या दुकानात विकायला लागला आणि मतं यायला लागली. तिथे प्रत्येक खेळणारा एक अंगठा देतो, हिरवा वर किंवा लाल खाली, आणि खाली चार ओळी लिहितो. दहा मतं झाली की दुकान गेमवर एक शब्द चिकटवतं. आठ हिरवी असतील तर ‘पसंत’, सात असतील तर ‘संमिश्र’. ‘पसंत’वाले गेम दुकान पुढे मांडतं, ‘संमिश्र’वाले पार मागे जातात, तिथे कुत्रंही फिरकत नाही. मी मनाशी ठरवलं होतं, ‘पसंत’ आलं तर हिंजवडीला राजीनामा, नाही आलं तर गुपचूप कामावर हजर. रजा संपायला दीड महिना उरला होता.

नऊ मतं आली. सात हिरवी, दोन लाल. एकाने लिहिलं होतं, “उडी अगदी लहानपणच्यासारखी, डोळ्यांत पाणी आलं.” दुसऱ्याने त्याच दिवशी लिहिलं, “उडी अगदी लहानपणच्यासारखी, आता कोण सहन करणार?” एक बाई म्हणाल्या, संगीत इतकं गोड आहे की मी गेम चालू ठेवून स्वयंपाक करते. म्हणजे खेळत नाहीत! एका पठ्ठ्याने अकरा मिनिटांत लाल अंगठा दिला आणि कारण लिहिलं, “कुठे जायचं तेच कळत नाही.” अरे, शोधायचा गेम आहे तो! शोध ना! मी लॅपटॉपसमोर एकटीच ओरडले, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “कोणाशी भांडतेयस?” आणि चौघांनी लिहिलं होतं की शेवट अर्धवट वाटतो. त्यांचा मला फार राग आला. त्या रिकाम्या फाटकाचा मला अभिमान होता. कलात्मक होतं ते, त्यांना काय कळणार!

दहावं मत काही येईना. तीन दिवस झाले, चार झाले. शेवटी आईनेच परस्पर विषय काढला.

“अहो, पोरीला एक मत कमी पडतंय. तुम्ही द्या ना. नुसता हिरवा अंगठा दाबायचा.”

“न तपासता?” बाबा म्हणाले. आईने पोळी लाटायचीच थांबवली.

मी म्हटलं, बाबा, तुम्हाला फुकट कॉपी देते. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू लाच देतेय. स्वतःच्या कार्डाने पूर्ण किमतीला गेम घेतला, माझा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला, चष्मा पुसला आणि वही उघडली. त्यात आलेखाचे कागद होते. मी सवयीने चहा आणून ठेवला. त्यांनी कप माझ्याकडे परत सरकवला.

“निकाल लागेपर्यंत तुझ्या हातचा चहा नको. ज्याचा माल तपासायचा त्याचा चहा घ्यायचा नसतो.”

“बाबा, मी तुमची मुलगी आहे!”

“म्हणूनच.”

तीन आठवडे हा माणूस माझ्या हातचा चहा प्यायला नाही. आई शाळेतून निवृत्त झालेली, ती करून देई; तिच्या भिशीच्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन येत. रोज दुपारी दोन ते सहा खेळायचे. मधूनच ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात माझा दिवस जायचा. नशीब एवढंच की त्या तीन आठवड्यांत दुसऱ्या कोणीच मत दिलं नाही. नशीब कसलं म्हणा, कोणी गेम घेतच नव्हतं.

रजा संपायला आठ दिवस उरले होते. त्या गुरुवारी सकाळी बाबा भाजी आणायला गेले आणि मी दुकानाचं पान उघडलं. दहा मतं. वरती ‘संमिश्र’. दहावा अंगठा लाल. त्याखाली मराठीत, क्रमांक घालून, एक्केचाळीस दोष. नावाशेजारी दुकानाने खेळण्याचे तास छापले होते: चौऱ्याऐंशी.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाबा कोथिंबिरीची जुडी घेऊन दारात आले तशी मी सुरूच झाले. “बाबा, काय केलंत हे? सख्ख्या मुलीला लाल अंगठा? चौऱ्याऐंशी तास खेळून?”

बाबांना माझा राग कळेचना. “मग काय देणार? पास नाहीये तो. दुरुस्त करून परत आणायचा माल आहे. पिवळा अंगठा मी खूप शोधला. दुकानात ठेवलेलाच नाही. तो त्यांचा दोष आहे, शेवटी टीप लिहिलीये.”

“लोक असे नाही हो बघत! त्यांना लाल म्हणजे भिकार वाटतं!”

“मग लोकांनी वाचावं,” ते म्हणाले आणि कोथिंबीर निवडायला बसले.

मी खोलीत जाऊन ऑफिसला मेल लिहायला घेतला, ठरल्याप्रमाणे हजर होते म्हणून. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि रागाने बोटं चुकत होती. मेल पाठवण्याआधी वाटलं, निदान काय लिहिलंय ते तरी वाचावं, म्हणजे नीट भांडता येईल.

पहिला दोष: गोदामाची शिडी चढताना चौदा पायऱ्या, उतरताना तेरा. मी मोजल्या. खरंच तेरा होत्या. सहावा: क्रेनचा हूक साखळीशिवाय लटकतोय, खाली कामगार उभा आहे, त्याला बाजूला करा. अकरावा: पाण्याच्या टाकीत तीनदा उडी मारल्यास माणूस भिंतीत अडकतो. हा दोष शोधायला ऑफिसात आम्ही चार माणसं बसवली असती. प्रत्येकापुढे कंसात ‘किरकोळ’. मग सव्विसावा आला: माणसाला मिशी. कारण समजलं नाही. सत्ताविसावा: व्हर्नियर उजव्या खिशात दाखवला आहे. तो डाव्या खिशात असे.

‘असतो’ नाही, ‘असे’. म्हणजे ते पहिल्या दिवसापासून ओळखून होते.

एक्केचाळिसावा एकच दोष असा होता, ज्याच्यापुढे ‘गंभीर’ लिहिलं होतं. “शेवटी फाटकाबाहेर कोणी नाही. हे चूक आहे. सहा वर्षांची मुलगी उभी होती. गळ्यात पाण्याची बाटली, तिचं झाकण हरवलेलं. मुलीशिवाय माल पास करता येणार नाही.”

मला तो दिवस आठवत होता, पण उसाच्या रसाचा दिवस म्हणून. आई मला कुठेतरी लांब घेऊन गेली होती, मग बाबा आले आणि आम्ही तिघांनी रस प्यायला. मी दोन ग्लास प्यायले म्हणून लक्षात राहिलं. तो त्यांचा शेवटचा दिवस होता आणि आम्ही त्यांना घ्यायला फाटकावर गेलो होतो, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी इतकी वर्षं त्यांना मनातल्या मनात एकटंच बाहेर काढत होते, आणि वर त्याला कलात्मक म्हणत होते.

मी बाहेर आले तर रडणं आवरेना. बाबा कोथिंबिरीतून वर बघेनात. आई म्हणाली, “रडतेस काय? पिवळी चिठ्ठी आहे ना ती? मग दुरुस्त कर!”

मेल पाठवला नाही. सात दिवसांत चाळीस दोष दुरुस्त केले. शिडीला चौदावी पायरी दिली, कामगाराला बाजूला केलं, मिशी भादरली, व्हर्नियर डाव्या खिशात घातला. आठव्या दिवशी फाटकाबाहेर ती मुलगी उभी केली. सगळी मिळून सोळा ठोकळे उंच. बाटलीला झाकण ठेवलं नाही.

त्या दुपारी बाबा पुन्हा टेबलाशी बसले. पहिल्यापासून खेळले, वहीतले नकाशे समोर ठेवून, एकही भिंत न वगळता. शेवटच्या फाटकाशी आले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि काहीतरी टाइप केलं.

मी फोनवर पान उघडलं. वर ‘पसंत’ लिहिलं होतं. बाबांचा अंगठा हिरवा झाला होता आणि एक्केचाळीस दोष पुसले गेले होते. त्यांच्या जागी होतं ते फक्त एक टिंब. दुकान रिकामं मत घेत नाही, म्हणून दिलेलं टिंब.

“चहा टाकतेस ना?” बाबा तिकडूनच म्हणाले.

घाईत माझ्या हातून साखर दुप्पट पडली, आलं घालायचं राहिलं, आणि तो उतूही गेला. त्यांनी कप घेतला, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि चहाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.