वही, वांगी आणि वैशालीचं लग्न

वैशालीचं लग्न एकदा माझ्या तोंडामुळं मोडलेलं आहे. म्हणून यंदा कारध्याची मुलाकडची मंडळी आमच्या कोंढ्याला बैठकीला येणार म्हटल्यावर बहिणीनं मला सकाळीच दम भरला.

"दादा, मले हा पोरगा पसंत आहे. तू बैठकीत तोंड उघडलं तं याद राख!"

मी देवाची शपथ घेतली. (मागच्या वेळी मी फक्त नवरदेवाच्या टकलाबद्दल हळहळ व्यक्त केली होती. जाऊ द्या!)

तसाही मी तेव्हा इंग्रजीत बुडालो होतो. राइस मिलमध्ये बाहेरच्या व्यापाऱ्यांचे फोन येतात, म्हणून अडतिसाव्या वर्षी मोबाइलवर क्लास लावला होता. धडा 'इफ'चा होता. पाणी तापवलं तर उकळतं, हे नेहमीचं. पाऊस आला तर मी छत्री घेईन, हे पुढचं. मॅडम म्हणाल्या, "आपल्या घरातलीच वाक्यं लिहा." मी इमानदारीत अर्धी वही भरली.

बैठक मस्त रंगली. तारीख निघाली, मानपान ठरला. मी गप्प! शेवटी याद्या लिहायच्या तर बाबा ओरडले, "अबे, वही आन!" मी तोंड न उघडता हाताला लागली ती वही आणून दिली. बाबांनी न बघता पहिल्या पानाला हळद-कुंकू लावलं आणि ती नवरदेवाच्या मामाजींकडं दिली. मामाजी रिटायर हेडमास्तर. त्यांनी चष्मा चढवला.

"बाप्पा! पोरीवाल्यायनं तं अटी लिहूनच ठेवल्या! अन् त्याही इंग्रजीत!"

ती माझी क्लासची वही होती! वैशाली चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजली.

"वैशाली रागावली तर तीन दिवस बोलणार नाही," मामाजींनी मराठी करून वाचलं.

"मंजूर!" नवरदेव लाजत म्हणाला. (पोरगा खरंच चांगला!)

"मुलीच्या वडिलांनी वांगं खाल्लं तर त्यांना खाज सुटते." मामाजींनी चष्मा काढला. "म्हंजे? लग्नात वांग्याची भाजी नाई?"

आमच्या भागात वांग्याच्या भाजीशिवाय लग्न लागत नाही. नवरदेव एक वेळ बदलता येतो!

"माह्या खाजीची गोष्ट याइले कोणं सांगतली?" बाबा भडकले.

"अन् आमच्या वऱ्हाडानं काय खावं? बिस्किटं? चला रे, उठा!" मामाजी चपला शोधू लागले.

वैशालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग माझ्यानं राहवेना. शपथ गेली चुलीत!

"मामाजी, थांबा! ते माह्या अभ्यासाचे वाक्यं आहेत!"

"एवढा घोडा होऊन अभ्यास करून राहिला? कोणाले येडा बनवते?"

"आईच्यान खरं! पुढचं पान वाचा नं!"

मामाजींनी उभ्या उभ्याच पान उलटलं. "पाहुणे आले तर मी भांडी घासतो."

स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचं असं हसू फुटलं की तिच्या हातातली पळी खाली पडली. "मामाजी, पंधरा वर्षांत यायनं चमचा नाई धुतला!" (मॅडमवर छाप पडावी म्हणून लिहिलं होतं हो!)

मामाजी पहिल्यांदा हसले. वही घेऊन परत बसले.

"अभ्यास असो का काही असो, वहीले कुंकू लागलं आहे. आता हे खोडता येत नाई. ऐका! वांग्याची भाजी होईन. व्याही वरण-भात खाईन. अन् आमी आलो का भांडे हा घासन. बोला, मंजूर?"

"मंजूर!" सगळ्यात आधी वैशाली ओरडली. सख्खी बहीण!

दोन्हीकडच्या सह्या झाल्या. लग्नही झालं, भाजीही झाली. बायकोनं ती वही देव्हाऱ्यात ठेवली आहे. सातबारा मात्र अजून फ्रिजवरच पडलेला असतो. वैशाली सुखात आहे आणि दर रविवारी सासरच्या अख्ख्या मंडळींना घेऊन माहेरी येते.

इंग्रजी काही मला आलं नाही. पाहुणे मात्र येतात!