तामलवाडी कुणाच्या वाट्याला

कुरिअरचा धंदा काढणाऱ्यानं गाडी किती अ‍ॅव्हरेज देते हे नंतर विचारावं, आधी चालवणाऱ्याची सासुरवाडी कुठली ते विचारावं. हे मला कुणी शिकवलं नाही, पदरचे दिवस घालवून कळलं. धाराशिवात बसस्टँडजवळच्या एका गाळ्यात आम्ही पार्सलं वाटायचं काम घेतलं, तेव्हा रूट मी आखायचे आणि मोटरसायकलवर तिघं फिरायचे: माझा नवरा, धाकटा दीर आणि शेजारचे कंडक्टरकाका, जे एसटीतून निवृत्त झाले होते. रूट आखणं म्हणजे काय मोठं, असं मला वाटायचं. पार्सलं गावांप्रमाणं लावायची, जवळचं आधी, लांबचं नंतर, एकाच रस्त्यावरनं दोनदा जायचं नाही. भाजी आणायला निघालेली कुठलीही बाई हा हिशेब चालता चालता करते.

पहिल्याच आठवड्यात दिराला ढोकीला धाडलं. ढोकी त्याची सासुरवाडी. सकाळी गेलेला माणूस दिवेलागणीला परत आला, तो पोटावर हात ठेवून. मी विचारलं, तर म्हणाला, "वैनी, कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लई हायत." ट्रॉल्या असतात, मी नाही म्हणत नाही, पण त्याच्या मिशीला पुरण लागलेलं होतं. आमच्याकडं जावई एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. चौकातल्या दुकानात पार्सल द्यायचं असलं तरी दुकानदार म्हणणार, "पाव्हणं, असं कसं, बसा की." तसंच निघावं तर गावाचा अपमान, जेवून निघावं तर उरलेल्या पार्सलांचे बारा वाजलेले.

म्हणून ढोकी मी कंडक्टरकाकांना दिली. काकांची सासुरवाडी बेंबळी, म्हणून बेंबळी दिराला. काकांची तऱ्हा निराळीच होती. उभा जन्म एसटीत गेल्यामुळं जिथं बस थांबते तिथं त्यांची गाडी थांबायचीच, पार्सल असो वा नसो. मी बोलले तर म्हणायचे, "थांबा हाय म्हणल्यावर थांबायचं." निदान घंटी मारत नाहीत, एवढ्यावर मी समाधान मानलं.

नवऱ्याकडं तुळजापूरचा रस्ता होता. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला देवीच्या गर्दीत गाडी शिरत नाही, म्हणून त्या दिवशी देवळाजवळची पार्सलं सगळ्यात आधी आणि पायी वाटायची. हे सगळं तो बिनबोभाट करायचा. अडचण पुढं होती. तुळजापूर सोडून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की तामलवाडी येते, आणि तामलवाडी माझं माहेर. तिथं तो जातच नव्हता. जेवायला बसवतील या भीतीनं नव्हे. जावई रुसला होता.

माझ्या भावाच्या लग्नात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाहुण्यांना फेटे बांधले. सोयऱ्यांना बांधले, गावकीतल्या थोरांना बांधले, मंडपवाल्यालाही बांधला. जावयाची पाळी आली तेव्हा फेटे संपले आणि त्याच्या हातात टॉवेल-टोपी पडली. आबांचं म्हणणं, "घरचा माणूस म्हणून शेवटाला ठिवला. परक्याचा मान आधी." नवऱ्याचं म्हणणं, "मंडपवाल्याला फेटा आन् मला टोपी." दोघांचंही खरं होतं, म्हणूनच ते मिटत नव्हतं. जावयानं यावं, मग बोलू, असं आबा म्हणत. सासऱ्यांनी बोलवावं, मग जाऊ, असं हा म्हणे. यात दोन दिवाळ्या गेल्या आणि दोन्ही दिवाळ्यांना मी एकटीच फराळाचा डबा घेऊन बसमध्ये बसले.

एरवी मी या दोघांच्या अकडीला हसून सोडून दिलं असतं. पण आबांचा गुडघा निकामी झाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. भाऊ पुण्याहून येतो म्हणाला, मी येते म्हणाले, आबांनी दोघांनाही उडवून लावलं. खरं कारण आईनं फोनवर सांगितलं. "जावई न्यायला आला तर जातो म्हणतेत, न्हाय तर हितंच बसून ऱ्हातो म्हणतेत. तू काय तरी कर बाई." रोज शेतापर्यंत चक्कर मारणारा माणूस आता दारातल्या पायरीवरनं हलत नव्हता. मला आबांचा राग यायचा, त्याहून जास्त भीती वाटायची.

आणि मग आबांनी फोनवरून वस्तू मागवायचा सपाटा लावला. आधी एक टॉर्च आली. मग आणखी एक. मग पाठ खाजवायची काडी. आई वैतागून म्हणाली, "आधीची धरून घरात तीन बॅटऱ्या झाल्या. लाईट कधी जाती म्हणून वाट बघत बसलोय आमी." मला मात्र आबांचा डाव कळला. जावयाला निरोप धाडायचा नाही, पण पार्सल मागवलं की पार्सलवाल्याला दारात यावंच लागतं. नवराही काही कमी नव्हता. सकाळी पार्सलं तिघांत वाटून झाली की तामलवाडीचं तेवढं उचलून गुपचूप दिराच्या पिशवीत सरकवायचा. मग दीर बेंबळी करून, एवढा वळसा घालून तामलवाडी गाठायचा. असला द्राविडी प्राणायाम कुठल्या कुरिअरवाल्यानं केला नसेल. दारात दिराला बघून आबा नुसतं "बरं" म्हणायचे आणि त्याच दिवशी दुसरं काहीतरी मागवायचे.

शेवटी दिरानंच हात जोडले. "वैनी, बेंबळीवरनं तामलवाडी, ह्यो काय रूट झाला का? माझं सासर बी न्हाय तिथं." मी जाहीर करून टाकलं की उद्यापासून फोनमधला नकाशा ठरवील तसंच जायचं, माझ्याशी कुणी हुज्जत घालायची नाही. सगळे पत्ते त्यात भरले. नकाशानं तामलवाडी तुळजापूरच्या पुढं, नवऱ्याच्या रूटच्या शेवटाला नेऊन ठेवली. नवऱ्यानं फोन हातात घेऊन रूट वरखाली करून बघितला.

"हे तू घातलंस," तो म्हणाला.

"मी कशाला घालू? नकाशाला काय म्हाईत तुमची सासुरवाडी कुठली?"

"नकाशाला न्हाय, तुला म्हाईत हाय."

"मग द्या भावजींकडं. दुप्पट पेट्रोल जाऊ द्या तुमच्या रुसव्यापायी."

त्यानं हेल्मेट घातलं. "दारातनं देणार आन् येणार. आत पाऊल टाकणार न्हाय." मी म्हटलं, टाकू नका, नकाशात आतलं दाखवत नाहीत.

पुढं जे झालं ते मला नवऱ्याकडून अर्धं आणि आईकडून दीडपट कळलं. पार्सल देताना घेणाऱ्याच्या फोनवर ओटीपी येतो. ते चार आकडे त्यानं तोंडानं सांगायचे, आपण ते भरायचे, त्याशिवाय पार्सल हातातनं सोडायचं नाही. त्यामुळं दोन दिवाळ्यांनंतर जावई सासऱ्याशी पहिला शब्द बोलला तो, "ओटीपी सांगा."

आबा पायरीवर बसलेले. म्हणाले, "आला न्हाय आजून. रेंज न्हाय. बसा."

"हुबा हाय तेच बरं हाय."

आईनं पाणी आणलं. पाण्याला नाही म्हणता येत नाही. तांब्या खाली ठेवल्यावर आबांना रेंज आली. "सात," ते म्हणाले.

"पुढचा?"

"दिसंना. चष्मा आत खुंटीला हाय. मला तर उठाया येत न्हाय. तुमीच आणा."

गेला की आत. कंपनीच्या नियमासाठी गेला, असं तो अजून सांगतो. चष्म्यावर दुसरा आकडा मिळाला, तेवढ्यात चहा आला. चहानंतर आबा म्हणाले की पुढचा आकडा जरा बारीक दिसतोय, जेवून बघू. नवऱ्यानं सांगितलं, सगळे आकडे लागतात, नियम आहे. "मग नियमानंच चाललंय की आपलं," आबा म्हणाले.

जेवणाआधी हात धुवायला आबा काठी टेकून उठू लागले आणि अर्ध्यातनंच खाली बसले. चेहरा पांढरा पडला. आई सांगते, नवरा लगेच पुढं झाला. त्यानं आबांच्या काखेत हात घातला, मोरीपर्यंत नेलं, हातावर पाणी घातलं आणि तसंच धरून ताटावर आणून बसवलं. तिसरा आकडा आबांनी न विचारता सांगितला.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा पार्सल पिशवीतच होतं. मी विचारलं, काय झालं. "तीनच आकडे मिळाले," तो म्हणाला. "चौथा उद्या सांगतो म्हणाले." मला हसू आवरेना. तो हसला नाही. हातपाय धुतले, तोंड पुसलं, आणि टॉवेलमधनंच म्हणाला, "उद्याची माझी पार्सलं दोघांत वाटून टाक. तामलवाडी तेवढी माझ्याकडं ऱ्हाऊ दे. गुडघा वाकत न्हाय त्यांचा, गाडीवर बसता यायचं न्हाय. जीप सांगितलीय. तिथनं सोलापूर काय लांब न्हाय."

डोळे भरून आले ते त्याला दिसू नयेत म्हणून फोन घेऊन रूट आखायला बसले. तुळजापूरची पार्सलं काकांना दिली, प्रत्येक थांब्यावर थांबणार हे धरून. नवऱ्याच्या नावापुढं आधी तामलवाडी आणि मग सोलापूरचा दवाखाना घातला. नकाशानं विचारलं, तामलवाडीच्या थांब्याला किती वेळ लागेल. लागेल तेवढा, असं त्यात भरता येत नाही. मी दिवसभर असं भरलं आणि त्याचं ताट वाढायला उठले.