पाण्यात धरलेला पेला

मारेगावच्या विमलताईंना कोणी हालहवाल विचारली, की त्या एवढंच म्हणतात, "चालू हाये." चेहरा बघितला की कळतं, चालू कसलं, नुसतं रेटणं आहे. आठवड्यातून तीनदा वामनरावांना वणीला डायलिसिसला न्यायचं, बाकड्यावर ताटकळायचं, संध्याकाळी परत यायचं आणि घरी येऊन स्वतःच्याच नवऱ्यावर पहारा करायचा.

पहारा पाण्याचा. किडन्या गेल्यापासून वामनरावांना लघवी होत नाही म्हटलं तरी चालेल. प्यालेलं सगळं पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच साचतं. म्हणून डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर ठरवून दिलं. चहा, वरण, गोळीवरचा घोट, सगळं त्यातच. आता यवतमाळच्या मे महिन्यात एक लिटर म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा!

त्यात हा पावडरचा डबा आला. वामनरावांचे दंड पार वाळले होते. डॉक्टर म्हणाले, मशीन घाणीसोबत अंगातलं प्रोटीनही थोडं ओढून नेतं. ताकदच उरली नाही तर शरीराला डायलिसिस झेपणार नाही. म्हणून डायलिसिसवाल्यांची वेगळी पावडर, पाण्यात ढवळून, सकाळ-संध्याकाळ. पोरांच्या दुधात टाकतात ती चालायची नाही, हेही बजावलं. पुसदला दिलेल्या निकितानं, त्यांच्या लेकीनं, लगेच डबे पाठवले.

विमलताईंना वाटलं, हे तर औषध! औषध कोणी पाण्यात धरतं का? लिटरभर पाणी ते पाणी आणि पेला वरचा. दोन दिवसांत वामनरावांचे पाय सुजले, धाप लागली. वणीला नेलं तर सिस्टर कावलीच, "अहो मावशी, पेलाही पाण्यातच मोजायचा!" झालं. तेव्हापासून दोन पेल्यांपायी चहाही गेला.

वामनरावांनी मग त्या पेल्याशी उभं वैर धरलं.

"हे खडूचं पाणी मले नोको. त्यापरीस माठातलं दे."

"अवो, मंग ताकद कोठून येईन?"

"ताकद घेऊन काय करू? कोणतं औत हाकाचं हाये मले?"

रोजची हीच कटकट. विमलताई विनवायच्या, चिडायच्या, एकदा तर पायाही पडल्या. पेला तसाच पडून राही, वर साय धरल्यासारखं होई, शेवटी मोरीत जाई. वजन उतरत चाललं. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर माझ्या हातात काही नाही. ज्या माणसाला जन्मभर न मागता तांब्या भरून दिला, त्याच्याच हातातून आता तो काढून घ्यायचा! जीव विटला होता बाईचा.

एका दुपारी त्या मागच्या दारानं घरात आल्या, तर वामनराव खाटेवर जागेच.

"कोठी गेलती?"

"कोठी नाई. भांडे घासाले."

"खोटं नोको बोलू. पाणी प्याले गेलती."

विमलताईंनी ओला पदर मुठीत आवळला. वामनराव लिटरावर आले तेव्हापासून त्या नवऱ्यासमोर पाणी प्यालेल्या नव्हत्या. गडू पदराखाली घेऊन न्हाणीमागे जायच्या, उभ्याउभ्या, आवाज न करता उरकायच्या. त्यांना वाटे, यांना कुठं कळतंय.

"रोज पदर भिजवून येतं तू. मले दिसत नाई का?"

"तुमच्यासमोर कसं पेऊ? उतरत नाई गळ्याखाली."

"अन मी घरात असून माह्या बायकोले पाण्याची चोरी करा लागते," वामनराव उठून बसले, "मंग कायले पेऊ तो पेला? कायले जगू? तुले आणखी चोरून प्याले लावाले?"

विमलताईंच्या आता ध्यानात आलं. म्हणजे रुसवा डब्यावर नव्हताच.

"जाय, गडू भरून आण. अठी बस. माह्यासमोर पे."

त्यांनी गडू आणला, पेलाही ढवळून आणला. पहिला घोट खरंच उतरेना. मग तहानेनंच त्यांचं ऐकलं नाही. घटाघटा प्याल्या, हनुवटीवरून ओघळ गेला, त्यात डोळ्यांतलंही मिसळलं. वामनराव त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत होते, जसं काही आपल्याच पोटात चाललंय.

"आणखी."

त्यांनी गडू रिकामा केला. तेव्हा वामनरावांनी पेला उचलला, तोंड वाकडं केलं आणि न थांबता संपवला.

"संध्याकाळच्या पेल्याले बी अशीच बस," ते म्हणाले. "अन तहान ठेवून येजो."