रिले काढलेली मोटर

निनाद, ईशा — भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांबद्दलचं माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांना कारण शोधायचा कंटाळा येतो, त्यांना भुतं दिसतात. आजही माझं मत तेच आहे... फक्त एका दुपारचा हिशेब लागत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

मी तेव्हा युसूफ वडगावच्या अलीकडच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवत होते. दुष्काळाचं साल. पाणी असलेली विहीर एकच, तिच्यावर साडेसात हॉर्सपॉवरची मोटर एकच, आणि दोन्ही पाणीपुरवठा सहकारी संस्थेच्या ताब्यात. संस्था म्हणजे चेअरमन, त्याची जीप आणि पंप चालवणारा त्याचा मेव्हणा दिगंबर. मोटर जळाली तर आतली वाइंडिंग नव्याने भरून आणायला बीडला जाणार. ती परत येईपर्यंत गावाने प्यायचं काय, याचा विचार संस्थेत कुणी केला नव्हता. विचार हे खातंच तिथे नव्हतं.

मोटर सारखी बंद पडायची. चेअरमनने स्टार्टरच्या पेटीला हळदकुंकू लावून नारळ फोडला. मला ते बघवेना. पेटी उघडायला लावून चौथीतल्या मुलांना सांगावं तसं सांगितलं — फ्यूज शॉर्टसर्किटसाठी असतो. सुरू होताना मोटर पाच-सहापट करंट ओढते, तेवढा त्याने क्षणभर सोसायला हवा. मोटर हळूहळू तापून जळू नये हे काम ओव्हरलोड रिलेचं. मोटरच्या पाटीवर अकरा अँपिअर लिहिलंय, तर रिलेची चकती अकरावरच हवी. रिले मोटर बंद पाडतोय, कारण विजेच्या तीन फेजपैकी एक कमी येतोय. लाइनमनला बोलवा.

"आमच्या बाई लई इंग्रजी शिकलेल्या हायत," चेअरमन कौतुकाने म्हणाला, आणि लाइनमन सोडून सगळ्यांना बोलावून चहा पाजला.

पुढच्या आठवड्यात मोटर अगदी सुरळीत चालू लागली. दिगंबरने रिले काढून तारा थेट जोडल्या होत्या आणि फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घातली होती. ही कर्तबगारी तो बाजारात सांगत फिरत होता! माझ्या कानावर आलं तशी दुपारी शाळा सुटल्यावर मी विहिरीकडे निघाले.

निम्म्या वाटेवर मोटर ऐकू आली. नेहमीचा आवाज नव्हे — जड, दबलेला हुंकार. एक फेज गेलेली मोटर तशी कण्हते आणि काही मिनिटांत जळते. विहिरीपाशी हंड्यांची रांग दिसत होती. मी दोन शेतं लांब, पळूनही वेळेत पोचणं शक्य नाही. मी थांबले आणि स्वतःशीच पुटपुटले, "पुरे आता." वर्गात गोंगाट झाला की म्हणायचे, तेच.

मोटर बंद पडली.

पंपघरात दिगंबर भिंतीला चिकटून उभा होता. "म्या हात न्हाई लावला, बाई. तुमी मागून 'पुरे आता' म्हणलात अन् खटका पडला. वळून बगतो तं कुणीच न्हाई."

मी सगळं तपासलं. स्टार्टरचा खटका धरून ठेवणारी कॉइल ज्या दोन फेजवर होती ते दोन्ही जिवंत. टेस्टलॅम्प लख्ख पेटला. त्यातल्याच एकावरचा पंपघरातला बल्ब लुकलुकलाही नव्हता, असं दिगंबर म्हणाला. तांब्याची तार शाबूत. मोटर तापली होती, पण वाचली होती. लाइनमनने गेलेला तिसरा फेज जोडल्यावर तीच कॉइल बटणाच्या पहिल्या दाबात बसली आणि बसूनच राहिली.

संध्याकाळी चेअरमन माणसं घेऊन घरी आला. मला वाटलं, रिले परत लावायचं विचारतोय.

"आता रिले कावून पायजे? तुमी हायत की."

या माणसाला करंट समजावून झाला होता. म्हणून मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "आज ऐकलं तिने. रिले नसेल तर पुन्हा माझं ऐकणार नाही. अकरावर लावा, तांब्याची तार काढून नीट फ्यूज घाला. मग बघू."

तासाभरात दोन्ही झालं. शास्त्राने जे जमलं नाही ते थापेने जमलं! मोटर पावसापर्यंत टिकली, गाव पाणी प्यायलं, आणि चेअरमनने माझा सत्कार ठेवला. मी गेले नाही.

ईशा, तू विजेचंच शिकते आहेस. कॉइल का सुटली याला तू योगायोग म्हणालीस तर मी वाद घालणार नाही. पण मी काय पुटपुटले ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं... ते दिगंबरने मला सांगितलं.